टेम्परेचरचा काटा नाचायलाय

भाऊ, 2004 चा ट्रक हाय, मांजरसुंब्याचा घाट रात्री चढताना काटा एकदम लालला जातो अन् हेडलाइट बंद केली की लगेच खाली, पाणी तर बरोबर हाय, मिस्त्री म्हणतो इंजिनचं हेड (वरचं झाकण) उतरवू. काय करावं?

↳ हेड कशाला राव! लाइटीनं काटा हलतो म्हंजे अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची जोडणी) खराब. इंजिन ते चेसिसची पट्टी काढा, पॉलिश पेपरनं घासा, आवळून बसवा. डिझेलचा काटाबी सोबत हलतो का?

↳ टेम्परेचर सेन्सरच्या आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळलाय का बघा, एका वायरचा सेन्सर बॉडीतूनच अर्थ घेतो, टेपनं तो अडतो. आमच्या जालन्यात एकानं तेच केलतं.

↳ डिझेलचाबी हलायचा! पट्टी हिरवीगार झालती, घासली, आता काटा गप.