रीफ टाकीत (घरातली खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची टाकी) आधी कोळंबी ठरवा, मग मासा. पटतंय का?

खारंपाणी_कोलशेत
परवा वाशीच्या एका पोराने यादी पाठवली. टाकी तीन फुटी, 190 लिटरच्या आसपास, दगड मुरून (त्यात पाणी साफ करणारे जिवाणू बसून) सहा आठवडे झालेत, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (ही पाण्यातली विषं), इथपर्यंत सगळं छान. आता त्यात काय सोडायचंय तर मासे म्हणजे क्लाउनची जोडी, निळा टँग, मँडरिन, एक लायनफिश "छोटा असतानाच आणतो म्हणजे सवय होईल", दोन क्लीनर श्रिंप (ही कोळंबी), ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव), निळा तारामासा, आणि दुकानदाराने वर फुकट देऊ केलेले चार डॅमसेल मासे. फुकट का देतो ते विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण यादी उलटी करतो. आधी रंग बघून मासे ठरवतो आणि मग भांडीवाली बाई ठेवावी तसे कोळंबी नि शंख "साफसफाईला" आणतो. त्याऐवजी आधी कागदावर लिहा की कुठली कोळंबी, कुठले शंख, कुठलं कोरल ठेवायचंय, आणि मग त्यांना खाणारा जो जो मासा असेल त्यावर काट मारत जा. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो, मग ती दोन हजाराची कोळंबी असो नाहीतर फायरफिशसारखा छोटा मासा. ट्रिगर आणि पफर मासे शंख फोडून खातात, त्यांचे दात त्यासाठीच आहेत. बटरफ्लाय मासे बरेचसे कोरल टोचून खातात. दुसरं कारण औषधाचं. माशाला पांढरे ठिपके आले की लोक तांब्याचं औषध ओततात आणि तांबं म्हणजे कोळंबी, शंख, खेकडे सगळ्यांना विष. म्हणजे कोळंबी टाकीत गेली त्या दिवशी तो दरवाजा बंद, कायमचा.

तिसरं कारण माझं स्वतःचं. दीडशे रुपयाचा निळा डॅमसेल, इंचभर जेमतेम, पहिला मासा म्हणून सोडला होता. तीन महिन्यांनी फायरफिश आणला, संध्याकाळी सातला सोडला, साडेसातला तो वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या रेषेला चिकटून उभा, शेपटीची वरची पट्टी फाटलेली. सकाळी टाकीत नाही. सापडला सोफ्याखाली, वाळून कडक, सुक्या बोंबलासारखा. मग त्या डॅमसेलला धरायला सगळा दगड बादल्यांत काढला, रात्री एक वाजला, टाकीत फक्त वाळू आणि गढूळ पाणी राहिलं आणि पठ्ठ्या कुठेच नाही. शेवटी बादलीतल्या एका दगडाच्या भोकातून बाहेर आला. म्हणून सांगतो, एकदा सोडलेला मासा परत मिळत नाही असंच धरून चाला.

डॅमसेलवाला_नेरूळ
नाही पटत दादा. कागदावर छान वाटतं पण नवशिक्याच्या टाकीत आधी मरते ती कोळंबी, मासा नाही. नवीन माणूस आटलेल्या पाण्याच्या जागी पण खारंच पाणी ओततो, त्याला वाटतं समुद्राची टाकी आहे म्हणजे खारंच टाकायचं, मग महिन्याभरात सॅलिनिटी (खारटपणा) 1.025 वरून 1.030 ला जाते, त्यात मे महिना, त्यात दुपारची चार तास लाईट गेलेली, पाणी 32 डिग्री. क्लाउन हे सगळं सहन करतो, कोळंबी करत नाही. म्हणून पहिलं वर्ष फक्त मासे, हात बसू दे, आजारपण आलं तर औषध पण करता येतं, आणि मग कोळंबी-कोरलच्या नादी लागा. आणि डॅमसेलला एवढं बदनाम करायची गरज नाही, माझा डोमिनो डॅमसेल चार वर्षं ठणठणीत आहे.

सीवूड्सची_मावशी
दोघे वेगवेगळ्या गोष्टीवर भांडताय. आधी *ठरवणं* आणि आधी *सोडणं* यात फरक आहे ना. कोलशेत ठरवण्याबद्दल बोलतायत आणि नेरूळ सोडण्याबद्दल. पण नेरूळ, तुमच्या पद्धतीत एक भोक आहे. वर्षभर फक्त मासे ठेवले, मध्ये दोनदा तांब्याचं औषध टाकलं, तर ते तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, आणि मग तुम्ही त्याच टाकीत कोळंबी सोडणार? औषध करायचं तर वेगळ्या डब्यात. माझ्याकडे बाल्कनीत 40 लिटरचा प्लास्टिकचा डबा आहे, एक हीटर, एक स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, बास. प्रत्येक मासा आधी तिथे महिनाभर. पांढरे ठिपके ज्याने होतात तो परजीवी माशाशिवाय जगत नाही, कोळंबी-शंखावर तो वाढत नाही, त्यामुळे टाकीत आलाच तर सगळे मासे डब्यात आणि मोठी टाकी 76 दिवस बिनमाशाची ठेवायची. कोळंबी तेव्हा तिथेच राहते मजेत. मी हे एकदा केलंय. अडीच महिने पाहुणे येऊन विचारायचे मासे कुठेत, मी म्हणायचे गावी गेलेत.

चेंदणीचा_कोळी
वाचून मजा येते. तुम्ही ज्याला कंपॅटिबल बोलता ना, आम्ही त्याला पोट भरलेला मासा बोलतो. समुद्रात कोणी कोणाचा मित्र नाय. माझ्या भावाने हर्मिट खेकडे आणले होते, दहा, "शेवाळ खातात" म्हणून. शेवाळ खाल्लं थोडं. मग एकेक शंखातला जीव ओढून काढला आणि शंख घालून फिरायला लागले. पंधरा शंखांतले सहा उरले. दुकानात हे कोणी सांगितलं नाय, आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की खेकड्याला वाढत्या अंगाला मोठं घर लागतंच, तो कुठूनतरी घेणारच.

दुसरं म्हणजे कोरल कोरल करताय, 1972 च्या वन्यजीव कायद्यात दगडी कोरल 2001 सालापासून पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्री घोडा, समुद्री काकडी पण त्याच कायद्याखाली. आमच्या जाळ्यात घोडा आला तर सोडून द्यावा लागतो आणि इथे लोक "दगडावर उगवलेलं कोरल मिळेल" म्हणून फोटो टाकतात. त्या वाशीच्या पोराला आधी हे सांगा.

खारंपाणी_कोलशेत
सांगितलंय. हर्मिटचं खरंय, रिकामे शंख दोन-तीन साइजचे टाकीत टाकून ठेवले तर कमी होतं, बंद होत नाही. मी हर्मिट ठेवतच नाही, टर्बो शंख ठेवतो. ते बुलडोझरसारखे चालतात, नीट न बसवलेलं सगळं पाडतात, पण खून करत नाहीत.

वाशीचा_नवशिक्या
यादी माझीच आहे, सगळ्यांनी धुऊन झाली असेल तर एक विचारू का 😅 टँग दोन इंचाचाच आहे, दुकानदार म्हणाला मासा टाकीच्या हिशोबानेच वाढतो. आणि दोन वर्षांनी मी सहा फुटी करणारच आहे.

सीवूड्सची_मावशी
बाळा, टाकीच्या हिशोबाने मासा वाढत नाही, टाकीच्या हिशोबाने खंगतो. तो निळा टँग मोठा होऊन फूटभर होतो. तुझी टाकी तीन फूट, त्यात दगड अर्धा, म्हणजे त्याला वळायला जागा किती राहिली बघ. शिवाय पांढरे ठिपके सगळ्यात आधी यालाच येतात. आणि सहा फुटीचं म्हणशील तर मी गेली आठ वर्षं दोन वर्षांनी सहा फुटी करणार आहे.

मँडरिन तर आत्ता अजिबात नको. तो दिवसभर दगडावरचे डोळ्याला न दिसणारे किडे टिपत फिरतो, नव्या दगडावर ते नसतातच. तो दिसतो छान आणि पोट आत जात जात एक दिवस संपतो, गोळी-खाद्याकडे बघत पण नाही. निळ्या ताऱ्याचंही तेच, महिनोन्महिने उपाशी राहतो आणि मग पायाच्या टोकापासून विरघळायला लागतो.

पाचपाखाडीचे_काका
आमच्या वेळी हे डबे नि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) काही नव्हतं. 94 साली चार फुटी टाकी, खाली ग्रॅव्हल फिल्टर, पाणी उरणहून कॅनमध्ये आणायचो, मित्राचा टेम्पो होता. ॲनिमोन त्यात झकास होता. तुम्ही लोकांनी शौकाचं ऑफिस करून टाकलंय. आणि ॲनिमोनशिवाय क्लाउन म्हणजे मखराशिवाय गणपती, मग ठेवायचाच कशाला?

चेंदणीचा_कोळी
काका किती दिवस होता झकास?

पाचपाखाडीचे_काका
पावसाळ्यापर्यंत.

डॅमसेलवाला_नेरूळ
😂 काकांचा आदर आहे पण उरणचं पाणी आता नको कोणी आणू, आणि खाडीचं तर नकोच. पावसाळ्यात खाडी अर्धी गोडी होते. आरओचं पाणी आणि मीठ, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, यावर तरी आपलं सगळ्यांचं एकमत होऊ दे.

सीवूड्सची_मावशी
काका, मखराचं म्हणाल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनची हॅचरी उभी केलीय, तिथली पिल्लं टाकीतच जन्मतात, त्यांनी आयुष्यात ॲनिमोन पाहिलेला नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. माझी जोडी फिल्टरच्या पाइपमागे झोपते. हॅचरीतला मासा घ्यायचा फायदा हाच की तो गोळी खायला शिकून आलेला असतो.

ॲनिमोन मी आणला होता तिसऱ्या महिन्यात, काकांसारखाच उत्साह. तो एका जागी बसत नाही हे वाचलं होतं पण बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी डावीकडे, दुसऱ्या दिवशी मागे, तिसऱ्या रात्री वेव्हमेकरच्या (पाणी हलवत ठेवणाऱ्या पंपाच्या) जाळीत. सकाळी उठले तर पाणी ताकासारखं पांढरं आणि वास असा की शेजारच्यांनी गॅस बघितला. एक कोळंबी आणि गोबी त्यातच गेले. टाकी वर्षभराची झाल्याशिवाय नको, आणि वेव्हमेकरला स्पंजचं कव्हर पाहिजेच.

खारंपाणी_कोलशेत
नवशिक्या, तुला भांडणात काहीतरी चांगलं पण मिळू दे. पिस्टल श्रिंप आणि वॉचमन गोबी. आंधळ्या-लंगड्याची जोडी म्हणतात ना, तशी. कोळंबीला दिसतं कमी, ती दिवसभर वाळूत बोगदा खणते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबी दाराशी बसून पहारा देतो. तू काचेजवळ हात नेलास की गोबी शेपटी थरथरवतो, कोळंबी हातातला खडा तिथेच टाकून आत. मी याच्यापुढे खुर्ची टाकून क्रिकेटची मॅच सोडलीय. रात्री मधेच "टक्" असा आवाज येतो, काच तडकल्यासारखा, घाबरू नकोस, ती तिचा चिमटा वाजवते. फक्त दगड आधी थेट टाकीच्या तळावर बसव आणि मग वाळू ओत, नाहीतर ती खालून पोखरेल आणि दगड कोसळेल.

डॅमसेलवाला_नेरूळ
हे मात्र मान्य, मला पण ठेवायचे होते.

सीवूड्सची_मावशी
मग ठेवले का नाहीत? आणि हो, विचारायचं राहिलं, तुमच्या चार वर्षांच्या डोमिनोबरोबर टाकीत आणखी कोण कोण आहे?

डॅमसेलवाला_नेरूळ
शंख आहेत बारा.

सीवूड्सची_मावशी
मासे?

डॅमसेलवाला_नेरूळ
होते.

चेंदणीचा_कोळी
😂😂😂 किती मोठा झालाय तो आता?

डॅमसेलवाला_नेरूळ
पाच इंच. काच पुसताना माझा अंगठा चावतो, रक्त काढलंय दोनदा. पण एक सांगतो, माझा मुद्दा तरीही चुकीचा नाही. मी चूक माशाच्या निवडीत केली, क्रमात नाही. डॅमसेलच्या जागी क्लाउनची जोडी असती तर मासे आधी हेच बरोबर ठरलं असतं.

खारंपाणी_कोलशेत
क्लाउन पण जागा धरतो राव, मादी मोठी झाली की तिच्या कोपऱ्यात हात घालून दाखवा. म्हणून भित्रे आधी, दादा लोक नंतर. फायरफिश आणि गोबी आधी सोडायचे, त्यांनी आपापली भोकं शोधली की मग क्लाउन, आणि दोन्हीच्या मध्ये तीन-चार आठवडे. वर जाळी. जाळी नसेल तर फायरफिश आणूच नका, सोफ्याखाली बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

वाशीचा_नवशिक्या
ओके. लायनफिश, टँग, मँडरिन, तारा, ॲनिमोन, डॅमसेल सगळं काटलं. उरले क्लाउन आणि क्लीनर श्रिंप, त्यात गोबी-पिस्टल टाकतो, बाकी शंख. थोडं रडू आलं पण ठीक आहे. आधी शंख आणि दोन कोळंब्या आणतो. नेरूळ दादा सॉरी, मासे नंतर.

डॅमसेलवाला_नेरूळ
आण. पण टाकीचं पाणी थेंब-थेंब देऊन सवय करायला दीड-दोन तास लाव, पिशवी उघडून थेट ओतू नकोस. आणि सॅलिनिटी रोज मोज, मला फोटो पाठव.

वाशीचा_नवशिक्या
*(अकरा दिवसांनी)*
अर्जंट!! एक कोळंबी मेली. सकाळी लाईट लावली तर दगडाखाली आडवी पडलीय, पांढरी पडलीय, आरपार दिसतंय. पाणी चेक केलं, सगळं बरोबर आहे. बाहेर काढू का?

सीवूड्सची_मावशी
काढू नकोस. मिशा शाबूत आहेत का तिच्या?

वाशीचा_नवशिक्या
हो सगळ्या. पण हलत नाहीये.

सीवूड्सची_मावशी
आता टॉर्च घे आणि मागच्या दगडाच्या फटीत बघ. किती कोळंब्या दिसतात?

वाशीचा_नवशिक्या
दोन

सीवूड्सची_मावशी
मग ती कात आहे. दोन दिवस लपून राहील, अंग मऊ असतं तेव्हा. तोपर्यंत त्या फटीत हात घालू नकोस.