मदत हवी आहे: ओजेटीचे 54 तास कॉलेज धरत नाहीये

धनकवडीची_सई
लोकप्रशासनात एम.ए. करतेय. ओजेटी म्हणजे ऑफिसात जाऊन करायचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, चार क्रेडिटचं, एकूण 120 तास. त्याचे नऊ दिवस झाले होते, रोज सहा तास. मधेच साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणतात, "तुमचा काही आदेश फाईलला दिसत नाही, उद्यापासून येऊ नका." विभागात गेले तर मॅडम म्हणतात आदेशाशिवाय तास धरता येणार नाहीत. सगळं जमा करायला तीन आठवडे उरलेत. पुण्यात कुठल्या ऑफिसात कुणाची ओळख आहे का, जिथे लगेच घेतील? लवकर सांगा प्लीज.

नदीकाठ
कुठलं ऑफिस? पालिका, झेडपी की राज्य सरकारचं? कितवं सेमिस्टर? कॉलेजचं पत्र दिलं होतं का, आणि कुणाकडे दिलं? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

धनकवडीची_सई
राज्य सरकारचं आहे, नाव इथे नको. सेमिस्टर दुसरं. पत्र साहेबांच्या हातात दिलं होतं. त्यांनी वाचलं आणि "सोमवारपासून या" म्हणाले. मला ओळखीचं कुणी असेल तर हवंय.

माहिती_हक्क
सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचा स्टॅम्प लावायचा आणि त्या नऊ दिवसांच्या हजेरीची, पत्राच्या नोंदीची प्रत मागायची. लेखी उत्तर देणं त्यांना भागच आहे. मी आत्तापर्यंत चाळीसच्या वर अर्ज केलेत, कागद बाहेर येतोच.

नदीकाठ
उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि तिच्याकडे 21 आहेत. शिवाय ज्या माणसाची सही हवी त्याच्यावरच अर्ज टाकला तर तो सही करेल का?

माहिती_हक्क
घाबरून राहायचं असेल तर लोकप्रशासन शिकायचं कशाला? 2005 चा कायदा अशाच वेळेसाठी आहे.

स्पर्धापरीक्षा_पेठ
मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार केलास का? वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. तिथे प्रशासन आतून बघायला मिळतं, मानधनही चांगलं आहे. चार क्रेडिटसाठी जीव काढण्यापेक्षा तिकडे तयारी कर.

धनकवडीची_सई
मला फेलोशिप नकोय, हे सेमिस्टर पास व्हायचंय.

हिरवळ_22
ट्यूलिप बघा, केंद्राची आहे, पालिकांमध्ये इंटर्नशिप मिळते. माझ्या मावसभावाने केली होती.

धनकवडीची_सई
ती पदवीचा निकाल लागल्यापासून 18 महिन्यांच्या आतल्यांसाठी आहे. माझं बी.ए. 2019 चं. मी नोकरी करते. सकाळी सात ते दहा लेक्चर, मग ऑफिस. हे नऊ दिवस मी हक्काची रजा टाकून गेले होते. आता चारच रजा उरल्यात. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

नदीकाठ
अगं, हे पहिल्यांदाच सांगायचंस ना! प्रश्नच बदलला. दुसरीकडे पहिल्यापासून सुरू करणं तुला शक्यच नाही. ते 54 तास वाचवायलाच हवेत.

पाषाणचा_अमोल
मग शनिवारी जा. शनिवारी गर्दी नसते, साहेब निवांत भेटतात.

बारनिशीतला_माणूस
राज्य सरकारची कार्यालयं 29 फेब्रुवारी 2020 पासून शनिवारी बंद असतात हो.

सईताई, मी 31 वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीच बारनिशीत, म्हणजे आलेलं-गेलेलं टपाल नोंदवतात त्या शाखेत. एक गोष्ट ध्यानात ठेवा. साहेबांच्या हातात दिलेला कागद कार्यालयात आलेला नसतो. बारनिशीत द्यायचा, आवक क्रमांक पडू द्यायचा, आपल्या प्रतीवर पोहोच घ्यायची. साहेब बदलून जातात, क्रमांक तिथेच राहतो. हे तुम्हाला कॉलेजात कुणीतरी सांगायला हवं होतं, कारण अख्खं प्रशासन या एका शिक्क्यावर चालतं.

आता सांगा, त्या नऊ दिवसांत तुम्ही नेमकं काय काम केलंत?

धनकवडीची_सई
फार काही नाही. पहिले दोन दिवस फायली लावल्या. मग टपाल घेणाऱ्या ताई रजेवर गेल्या म्हणून सात दिवस आलेल्या अर्जांची नोंद केली. शिवाय तक्रारी वेगळ्या काढून त्यांचा एक तक्ता केला.

बारनिशीतला_माणूस
नोंद कॉम्प्युटरवर की वहीत?

धनकवडीची_सई
वहीत. मोठं रजिस्टर होतं.

बारनिशीतला_माणूस
मग तुमचा पुरावा त्यांच्याच कपाटात आहे. आवक नोंदवहीत सात दिवस तुमचं अक्षर आहे, तारखेसकट. ती वही कुणी फाडत नाही, बदलत नाही.

आणि पहिले दोन दिवस फायली लावल्यात म्हणजे सहा गठ्ठे पद्धत बघितली असणार. कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि शेवटी नष्ट करायची. तुमचं पत्र जुन्या साहेबांनी बाजूला ठेवलं असेल तर पहिल्या दोन गठ्ठ्यांतच सापडेल. इंग्रजांच्या काळातल्या अँडरसन साहेबांपासून चालत आलेली पद्धत आहे ही. पुणे विभागात झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही प्रकरण पडून न ठेवण्याची मोहीम, सुरू झाली तेव्हा आम्ही महिनाभर रात्री आठपर्यंत बसून जुने गठ्ठे फोडले होते. एका गठ्ठ्यात एका विधवा बाईचा अर्ज निघाला, वर्षानुवर्षं पडलेला. दुसऱ्याच दिवशी तो हातोहात मार्गी लावला. ते दिवस मी विसरणार नाही.

असो. तुम्ही असं करा. नवीन साहेबांकडे आदेश मागू नका. मागच्या तारखेचा आदेश कुठलाही शहाणा अधिकारी देणार नाही आणि देऊही नये. एक साधा अर्ज लिहा: अमुक ते अमुक तारखेला उपस्थित राहून पुढील काम केले, नोंदवहीतील पाने अमुक, उपस्थितीचा दाखला मिळावा. कॉलेजच्या पत्राची प्रत जोडा. हे सगळं बारनिशीत द्या.

माहिती_हक्क
आणि दाखला नाही दिला तर? तेव्हा माझ्याकडेच यावं लागेल.

नदीकाठ
तेव्हा येईल. आधी माणसासारखं विचारू दे की.

कात्रजची_प्राध्यापिका
मी दुसऱ्या कॉलेजात शिकवते. राहिलेल्या 66 तासांबद्दल सांगते. चार क्रेडिट म्हणजे 120 तास, बरोबर. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात या जागी ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट असा पर्याय आहे. उरलेले तास फील्ड प्रोजेक्ट म्हणून धरता येतील का, हे विभागप्रमुखांना लेखी विचार. फील्ड प्रोजेक्ट शनिवार-रविवारी होऊ शकतो, रजा लागत नाही.

विषयही तुझ्या दारातच आहे. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. तुझ्यासाठी धनकवडी-सहकारनगर. एका प्रभागातली मंजूर कामं घे, रविवारी प्रत्यक्ष जाऊन बघ, पदपथ झाला की नाही, बाक बसले की नाही, सुचवणाऱ्याला कुणी कळवलं का. माझ्या विद्यार्थ्यांना यातून जेवढं कळलं तेवढं कार्यालयात बसून कळलं नाही.

बारनिशीतला_माणूस
मॅडम, कार्यालयात बसल्याशिवाय फाईल का अडते ते कळत नाही. रस्त्यावरून फक्त अडलेलं काम दिसतं.

कात्रजची_प्राध्यापिका
मान्य आहे. पण तिचे नऊ दिवस कार्यालयात बसून झालेत. आता दुसरी बाजू बघू दे.

स्पर्धापरीक्षा_पेठ
एमपीएससी आता वर्णनात्मक झालीय आणि वैकल्पिक विषयांत लोकप्रशासन आहे. कुणाकडे नोट्स असतील तर कळवा. सदाशिव पेठेत बरी मेसही सांगा.

नदीकाठ
त्याला वेगळा धागा काढ.

धनकवडीची_सई
आज अर्धी रजा टाकून गेले. अर्ज बारनिशीत दिला, पोहोच घेतली, क्रमांक पडला. टपालवाल्या ताई परत आल्यात, त्यांनी स्वतःच रजिस्टर काढून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "हे अक्षर तुमचं?" दाखला मिळाला, पण सात दिवसांचा, 42 तासांचा. पहिल्या दोन दिवसांची कुठे नोंद नाही म्हणाले. कॉलेजचं पत्र काही सापडलं नाही, ताई बघते म्हणाल्या.

विभागात मॅडमनी 42 धरले. फील्ड प्रोजेक्टचं पत्र मी लेखी दिलंय, प्रमुख सोमवारी सांगणार आहेत. हो म्हणाले तर 78 तास.

@कात्रजची_प्राध्यापिका, मॅडम, मंजूर कामांची यादी क्षेत्रीय कार्यालयात कुणाकडे मागायची? यावेळी बारनिशीतूनच मागते.