शब्दचर्चा: जिओकॅशिंगमधल्या ‘डीएनएफ’ला मराठीत काय म्हणायचं?

आडवाट
जिओकॅशिंग, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशावरून जीपीएसने शोधून नोंद करण्याचा खेळ. तो नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय. बाकी मजकूर झाला, ‘डीएनएफ’पाशी गाडी अडली. डिड नॉट फाइंड. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर गेलो, शोधलं, हाती काही लागलं नाही, की ही नोंद करायची असते. मी ‘सापडलं नाही’ लिहिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने ते खोडून ‘अयशस्वी’ केलं. तिच्या मते नोंदीच्या प्रकाराला एक शब्द हवा, अख्खं वाक्य नको.

मला ‘अयशस्वी’ खटकतंय. नवीन माणूस आधीच ओशाळलेला असतो. सुरुवातीच्या फेऱ्या रिकाम्या गेल्या की बरेच जण अ‍ॅप काढूनच टाकतात. त्यात आपण शिक्का मारायचा? शिवाय ही नोंद डबा ठेवणाऱ्याच्या कामाची असते. लागोपाठ अशा नोंदी दिसल्या की तो जाऊन बघतो, डबा जागेवर आहे की गेला. लाजेपोटी लोक नोंदच करत नाहीत आणि पुढचा नवखा त्याच रिकाम्या जागी तासभर घालवतो. सुचवा काहीतरी.

काना_मात्रा
‘अनुपलब्धी’. तयार शब्द आहे, नवा पाडायची गरज नाही. भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांनी, हे सहावं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलंय: घडा दिसत नाही यावरून ‘इथे घडा नाही’ हे ज्ञान होतं.

पायपीट
काना_मात्रा, तुमच्या मीमांसकांना एकदा नॅनो शोधायला पाठवा. करंगळीच्या नखाएवढी डबी, मागे लोहचुंबक, कठड्याच्या आडव्या पाइपाला खालच्या बाजूने चिकटवलेली आणि वर पाइपाच्याच रंगाचा हात मारलेला. माझ्यासोबत आलेल्या मुलीने त्या कठड्याला टेकून पाणी प्यायलं, तिथेच उभं राहून मला फोन लावला आणि ‘इथे काही नाहीये’ म्हणून सांगितलं. तिची चार बोटं डबीपासून वीतभर अंतरावर होती. दिसली नाही म्हणजे नाही, हे प्रमाण इथे चालत नाही.

काना_मात्रा
चालतं. पूर्ण वाचलंत तर अट आहे. योग्यानुपलब्धी म्हणतात तिला. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. अंधारात घडा दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. तुमची नॅनो म्हणजे अंधारातला घडा.

पायपीट
हे मात्र आवडलं. आता हे पुस्तिकेत कसं छापणार ते आडवाट बघतील. माझ्या मते नवख्याला एवढंच सांगावं की दीड लिटरचा डबा उघड्या जागी दिसला नाही तर तो बहुधा गेलाय, आणि नॅनो दिसली नाही तर बहुधा ती आहे.

जुनी_वही
शब्दाआधी क्रियापद बघू या, खरी गोम तिथे आहे. मराठीत ‘मी शोधला’ याचे दोन अर्थ होतात. ‘मी सगळीकडे शोधला’ म्हणजे नुसता शोध घेतला. ‘हा उपाय मी शोधला’ म्हणजे मिळवला. त्यामुळे ‘फाउंड इट’च्या बटणावर कोणी ‘शोधला’ लिहिलं, तर ज्याला काहीच मिळालं नाही तोही ते दाबेल, आणि त्याची काही चूक नसेल. तिथे ‘सापडला’च हवं.

आणि ‘सापडणे’ची गंमत अशी की तिथे माणूस कर्ता नाहीच. ‘मला सापडला.’ सापडायचं काम डब्याचं. सापडला नाही तर तोच सापडला नाही, माझ्याकडे बोट नाही. आडवाट, तुमच्या नवख्याला लागणारा धीर या व्याकरणात आयता आहे. तो सोडून ‘अयशस्वी’ कशाला? अख्खं वाक्य असलं तर असू दे.

टिंब
+१. पण ‘गवसणे’ जास्त सुरेख नाही का? ‘गवसला’ आणि ‘गवसला नाही’. आणि व्युत्पत्तीही शोभते. गवेषणा म्हणजे मुळात गायींचा शोध. हरवलेली गाय हुडकत रानोमाळ फिरणारा गुराखी हाच पहिला जिओकॅशर.

जुनी_वही
गवेषणाशी नातं बरोबर आहे. पण ‘गवसला’ आज बोलण्यात कोण वापरतं? बातमीच्या मथळ्यात सूर गवसतो, नाहीतर फलंदाजाला फॉर्म गवसतो. कठड्याखाली हात घालून काळीकुट्ट झालेली बोटं घेऊन कोणी ‘गवसली!’ असं ओरडत नाही.

काना_मात्रा
टिंब, ‘हुडकत’ लिहिलंत. तो शब्द कन्नडमधून आलाय.

टिंब
मग? माझ्या आजीच्या तोंडी तोच होता. तिला परत पाठवू का?

पायपीट
हलके घ्या हो सगळे. माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. कशाला सापडणे म्हणताय तेच अजून ठरलेलं नाही. इंग्रजीतल्या ‘कॅश’चं मराठीत लिंग काय? आपण सगळे सवयीने ‘ती कॅश’ म्हणतो, कारण रोकड ती. एकदा फोनवर मोठ्याने ‘कॅश सापडली, झाडाच्या ढोलीत होती, नोंद करून परत ठेवतोय’ असं बोललो, तर बाकावर बसलेले दोघं उठून माझ्या मागे आले.

अक्षरशत्रू
कॅश शब्दाबद्दल थोडी माहिती देतो, भांडणाला उपयोगी पडेल. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर साध्या यंत्राची अचूकता साधारण शंभर मीटर असायची, ती एकदम दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका वृत्तसमूहात टाकले. आत व्हिडिओ, पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि कडधान्याचा एक हवाबंद डबा. तेव्हा या प्रकाराला ‘स्टॅश’ म्हणत होते. इंग्रजीत त्या शब्दाला अमली पदार्थांचा वास येतो, म्हणून महिनाअखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ सुचवलं. ‘कॅश’ मूळ फ्रेंच, लपवण्याशी संबंधित. म्हणजे खेळ जेमतेम चार आठवड्यांचा असतानाच त्याच्या नावावरून चर्चा झाली होती. आपण परंपरा पाळतोय.

काना_मात्रा
त्यांनी शब्द बदलला, आपण का बदलू नये? ‘खजिना’ म्हणा. खजिनाशोध. अस्सल मराठी.

अक्षरशत्रू
खजिना अरबी आहे, साहेब. इंग्रजीतलं ‘मॅगझिन’सुद्धा त्याच धातूतून फिरत फिरत गेलंय.

काना_मात्रा
रुळलेला अरबी चालतो, नवा फ्रेंच नाही.

टिंब
म्हणजे कन्नड हुडकणे नाही, अरबी खजिना होय. नियम तरी लिहून ठेवा कुठे.

जुनी_वही
‘खजिना’ शुद्धतेसाठी नाही, दुसऱ्याच कारणाने नको. नवखा खजिना म्हणून जातो आणि आत काय निघतं? ओलसर कागदाची गुंडाळी, एक प्लॅस्टिकचा डायनासोर आणि गंजलेली किल्लीकडी. पहिला डबा उघडल्यावर पडलेले चेहरे मी पाहिलेत. हा खेळ शोधण्याचा आहे, मिळण्याचा नाही. साधं ‘डबा’ म्हणा. मराठीची सोय बघा: मोठा तो डबा, छोटी ती डबी. एक लिटरच्या पुढे डबा, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या आकाराची ती डबी. लिंगावरूनच नवख्याला कळेल की काय शोधायचंय.

अक्षरशत्रू
आणि अर्थकॅश? तिथे डबा नसतोच. खडकाचे थर नाहीतर झरा बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. ‘डबा सापडला नाही’ ही तिथली कायमचीच नोंद.

जुनी_वही
तिथे ‘जागा’ म्हणा. एका अपवादासाठी चांगला शब्द सोडू नका.

कोरी_पाटी
मी फक्त वाचत होते, पण राहवत नाही. मी तीच नवखी आहे जिच्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय. अजून एकही सापडलेली नाही. अ‍ॅपमधला बाण सांगतो तीन मीटर, दोन पावलं टाकली की म्हणतो अकरा मीटर मागे. पुन्हा मागे जाते तर उजवीकडे नऊ. येणारे-जाणारे बघतात. मी चपलेत खडा गेल्याचं नाटक करते. ‘अयशस्वी’ लिहा की ‘अनुपलब्धी’, घरी जाताना वाटायचं तेच वाटतं.

पायपीट
कोरी_पाटी, बाण वेडा झालेला नाही, तुम्हीही नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक तीन ते पाच मीटर धरायची, दाट झाडीत किंवा उंच भिंतींमध्ये त्याहून बरीच जास्त, कारण उपग्रहाचे संदेश आपटून उशिरा पोहोचतात. डबा ठेवणाऱ्याच्या यंत्राचीही तेवढीच चूक. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की दहा मीटर कुठेच गेले नाहीत. आणि आपण जागच्या जागी घुटमळतो तेव्हा बाण नाचणारच.

म्हणून शेवटच्या सात-आठ मीटरला फोन खिशात टाका. खरंच टाका. उभ्या राहा आणि स्वतःला विचारा, मला इथे काही लपवायचं असतं तर कुठे लपवलं असतं? निसर्गात दगड एकावर एक नीट रचलेले नसतात. काटक्या एकाच दिशेने आडव्या पडलेल्या नसतात. फलकाच्या चारांपैकी एकाच स्क्रूला नवी चकाकी नसते. माती उकरू नका, जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून पुरायला या खेळात मनाई आहे.

आणि निवड करताना तीन गोष्टी बघा. काठिण्य (शोधायला किती अवघड) आणि वाट (पोहोचायला किती अवघड), दोन्ही एक ते पाचमध्ये मोजतात. दीडच्या वर सध्या जाऊ नका. आकार ‘रेग्युलर’, म्हणजे मोठा डबा, घ्या. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: शेवटची नोंद अलीकडची आणि ‘सापडला’ अशी आहे का ते बघा. जिथे मागचे चौघं रिकामे परतलेत तिथे तुम्ही जाऊन अनुभवी माणसांची परीक्षा देताय.

कोरी_पाटी
ही तिसरी गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. मी जिथे दोनदा गेले तिथल्या शेवटच्या सगळ्या नोंदी निळ्या चेहऱ्याच्या, म्हणजे डीएनएफच्या, आहेत.

पायपीट
मग पाचवी तुमची करा आणि मोकळ्या व्हा. ‘कठडा, बाक आणि झाडाचं बूड पाहिलं, नाही सापडला’ असं लिहिलंत तर ठेवणारा तुम्हाला दुवा देईल. नुसतं ‘नाही’ लिहू नका.

टिंब
नवख्यांना शब्द काय? ‘नवशिक्या’ मला हिणवल्यासारखा वाटतो. ‘शिकाऊ’ म्हटलं की गाडीला लावायची पाटी आठवते.

कोरी_पाटी
‘नवखी’ चालेल. नवख्याला जागा ओळखीची नसते एवढंच. नवशिक्याला अक्कल नसते असा सूर येतो.

अक्षरशत्रू
अवांतर: सगळ्यात आधी डबा गाठणाऱ्याला काही जण ‘पहिलटकर’ म्हणायला लागलेत. कृपया थांबवा. पहिलटकरीण म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या बायका धाग्यावर आहेत.

जुनी_वही
थांबवा. ‘पहिला मान’ पुरे.

आडवाट
सगळ्यांचे आभार. बटणावर ‘सापडला’ आणि ‘नाही सापडला’ असंच ठेवतो, योग्यानुपलब्धीचा मुद्दा साध्या भाषेत आत घालतो. मैत्रीण अजून ‘शोध अपूर्ण’वर अडून बसली आहे. तेही वाईट नाही म्हणा. आता इशाऱ्याबद्दल, म्हणजे डबा कुठे लपलाय याच्या ‘हिंट’बद्दल, विचारायचं होतं. मूळ इशारा रोमन अक्षरं तेरा-तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेला असतो; सव्वीसच अक्षरं असल्यामुळे पुन्हा तेवढंच सरकवलं की उलगडतो. देवनागरीत लिहिला तर तो सरकतच नाही, उघडा पडतो. काय करावं?

काना_मात्रा
त्याआधी दुसरी दुरुस्ती. तुमच्या मसुद्यात ‘मिनिटं’ असेल. ती वेळेची. कोनाची असतात त्या ‘कला’, आणि त्यांच्या साठाव्या भागाला ‘विकला’. अंश, कला, विकला. पंचांगात आजही छापतात.

अक्षरशत्रू
जिओकॅशिंगमध्ये विकला वापरतच नाहीत, काना_मात्रा. अंश आणि दशांश मिनिटं असतात, दशांशचिन्हापुढे तीन आकडे. नवखे नेमके इथेच फसतात. ३०.५०० म्हणजे तीस मिनिटं आणि अर्धं मिनिट, म्हणजे तीस सेकंद. त्याला तीस मिनिटं पन्नास सेकंद वाचलं की उत्तर-दक्षिण सहाशे मीटरच्या वर चुकलात. आमच्या गटातला एक जण अशाच हिशोबाने तळ्याच्या मध्यावर पोहोचणार होता. आडवाट, हे मात्र पुस्तिकेत ठळक छापा.

काना_मात्रा
मग ‘दशांश कला’ म्हणा. अडचण काय?

टिंब
अडचण अशी की ‘तीस कला पन्नास विकला’ वाचून एखादा विचारेल, केवढ्याला?

काना_मात्रा
त्याला पंचांग द्या.

अक्षरशत्रू
पंचांग बघून तळ्यात जाईल तो.

जुनी_वही
पण काना_मात्रांचं एक बरोबर आहे. शाळेच्या भूमितीत आम्हाला ‘मिनिट’ शिकवलं, आणि आजोबांच्या पंचांगात ‘कला’ होतं. दोन्ही एकच हे कोणी सांगितलंच नाही. मधल्या काळात नक्की कधी बदललं हे? कोणाकडे जुनी क्रमिक पुस्तकं आहेत का?

टिंब
माळ्यावर आहेत. रविवारी काढून बघतो.