वेल्सची 1889-90 ची मखमली टोपी: बोली लावण्याआधी काय तपासावं?

कार्डिफवासी: इथल्या एका लिलावात रग्बीच्या जुन्या वस्तूंचा एक गठ्ठा आलाय. लाल मखमली टोपी, चंदेरी गोंडा, समोर तीन पिसांचं भरतकाम, पुढच्या कडेवर '1889-90'. वेल्सच्या राष्ट्रीय संघाची म्हणून विकताहेत. सोबत काही बेन्स कार्डं (जमवायची जुनी रग्बी-चित्रकार्डं) आणि चार पाकळ्यांचा चामडी चेंडू. अंदाजे किंमत 900 ते 1200 पौंड. नंतर सगळं पुण्याला न्यायचंय. काय बघू?

जरीकाठ: आधी टोपी कुणाची ते शोधा, मग जुनी आहे का ते. शाळा, क्लब, काउंटी सगळेच खेळाडूंना मान म्हणून अशा टोप्या देत, आणि तीन पिसं ही काही एकट्या राष्ट्रीय संघाची खूण नाही. आतलं अस्तर उलटून बघा: शिवणाऱ्या दुकानाची पट्टी, शाईने लिहिलेलं नाव. नाव सापडलं तर त्या हंगामातल्या वेल्सच्या सामन्यांच्या संघयाद्यांत तो खेळाडू आहे का ते ताडून पाहा. नावच नसेल आणि घराण्याकडून आल्याचं पत्र किंवा फोटोही नसेल, तर ती क्लबची टोपी समजूनच बोली लावा.

मग 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. अंधारात वर्षाच्या आकड्यांचा दोरा निळसर-पांढरा चमकला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अस्सल जुन्या टोपीवरही कधीकधी मागाहून आकडे भरलेले असतात, म्हणून प्रत्येक आकडा वेगळा तपासा. अस्तर थोडं सुटं असेल तर आतून टाके बघा. मखमलीइतकेच ते जुने दिसायला हवेत. खरी चांदीची जर, म्हणजे चांदीचा दोरा, काळवंडते. गोंडा लख्ख असेल तर तो बहुधा बदललेला किंवा घासलेला आहे.

वीसजणी: तारखांवरूनही बरंच कळतं. वेल्सचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1881 चा, म्हणजे तुमचं वर्ष त्यात बसतं. 1871 च्या पहिल्या सामन्यापासून 1877 पर्यंत राष्ट्रीय संघ वीस जणांचे असत, त्यामुळे '1873, इंग्लंड' लिहिलेल्या संघाच्या फोटोत पंधराच जण दिसले तर शंका घ्या. उत्तर इंग्लंडचे क्लब 1895 मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनमधून फुटले, पण 1922 पर्यंत त्यांच्या संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियनच होतं, म्हणून त्याआधीच्या वस्तूवर तिचं दुसरं नाव दिसलं तर शंका घ्या.

बेन्स कार्डं ब्रॅडफर्डच्या जॉन बेन्सची, बरीचशी ढालीच्या आकाराची. दहापट भिंगाखाली रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल. कडा कात्रीने छाटलेल्या असतील तर किंमत पडते. चेंडूचं माप इंग्लंडच्या रग्बी युनियनने 1892 मध्ये ठरवलं. त्याआधीचे चेंडू जास्त गोलसर असत. तुमचा लांबट असेल तर तो बहुधा टोपीच्या वर्षाचा नाही.

बोली ठरवताना लिलावगृहाचं कमिशन धरा. 20 ते 30 टक्के आणि त्यावर व्हॅट, म्हणजे 1000 ची बोली 1300 च्या आसपास जाते.

कार्डिफवासी: आभार. टोपीच्या कडेला कसरीची भोकं आहेत. आणि चेंडूत हवा भरून बघू का?

जरीकाठ: हवा अजिबात नको. जुनं चामडं शिवणीवर फाटतं, एकदा फाटलं की सांधत नाही. आत आम्लरहित टिश्यू कागद सैल भरा. चामडं बोटाला तांबूस भुकटी देत असेल तर तेल, पॉलिश काही लावू नका, डाग पडून ते आणखी कमजोर होतं.

कसर मारायला टोपी टिश्यूत गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा, फ्रीझरमध्ये उणे 18 अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर दव धरून चांदीची जर काळी पडते. गोंडा चांदीच्या पॉलिशने घासू नका.

पुण्याच्या पावसाळ्यात आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, सोबत आर्द्रतामापक, 45 ते 55 ठेवा. कार्डं पॉलिएस्टरच्या पाकिटात. पीव्हीसीच्या अल्बमात छपाई चिकटते. रबरबँड जरीपासून लांब, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.