जांभ्याच्या गडग्यापुढे रंगीत ॲक्रिलिक: सांगाडा कशाचा?

मांडवीकर
रत्नागिरीत, किनाऱ्यालगत, जांभ्याच्या गडग्यापुढे (दगडी कुंपणभिंतीपुढे) रंगीत ॲक्रिलिकची कलाकृती उभारायची आहे. व्हेनेझुएलाचे कलाकार कार्लोस क्रूझ-दिएझ यांच्या ‘क्रोमोसॅच्युरेशन’सारखा (रंगीत दिव्यांनी भरलेल्या खोल्या) परिणाम हवाय, पण दिव्यांऐवजी उन्हावर. लाल, हिरव्या, निळ्या १ मीटर उंच उभ्या शीट. सांगाड्याला एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) चालेल का?

खारावारा
नको. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने ३०४वर आधी तांबूस डाग, मग बारीक खड्डे पडतात. ३१६ घ्या, त्यातलं २-३ टक्के मॉलिब्डेनम हे बरंच रोखतं. पावसात मीठ आपोआप धुतलं जातं. खरी काळजी नोव्हेंबर ते मे, तेव्हा गोड्या पाण्याने धुवा.
६ मिमी बोल्टला भोक १० मिमी, खाली रबरी वॉशर. ३० अंशांच्या फरकाने १ मीटर ॲक्रिलिक साधारण २ मिमी वाढतं. घट्ट आवळलंत तर भोकापासूनच तडकेल. स्पिरिटने पुसू नका, बारीक चिरा पडतात.

तिरपंऊन
रंगांची निवडच चुकतेय. क्रूझ-दिएझ यांच्या खोल्यांत रंगीत प्रकाश मिसळतो. शीट मात्र प्रकाश गाळते. लालवर हिरवी आली की जवळजवळ काळं! पिवळी, सायन (हिरवट निळी), किरमिजी (मॅजेंटा) घ्या. पिवळ्यावर सायन आली की हिरवा मिळतो.
डिसेंबरात दुपारी सूर्य सुमारे ५० अंशांवर, म्हणजे शीटची रंगीत सावली उत्तरेला ८४ सेंमीपर्यंत. मेच्या पूर्वार्धात तो डोक्यावर, रंग शीटच्या पायाशीच.
आणि तांबडा जांभा निळा गिळतो. गडग्याला चुना काढा.

मांडवीकर
गडगा सामायिक आहे, चुना जमणार नाही.

तिरपंऊन
मग पुढे पांढऱ्या सिमेंटचा ओटा घाला. खरखरीतच ठेवा, गुळगुळीत पावसात निसरडा होतो.