वजाबाकीचे नाट्यीकरण करावे का?

प्रश्न : तिसरीची मुले हातच्याची वजाबाकी केवळ सवयीने करतात. ती नाट्यीकरणातून शिकवता येईल का, आणि त्यात लाजरी मुले मागे पडणार नाहीत यासाठी काय करावे?

उत्तर १ : ताई, अवश्य येईल. ५२ वजा २७ घ्या. पाच मुले दशक होऊन हाती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे धरतात, तर दोन एककांकडे एकेक सुटी काडी असते. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून एकक शेजारच्या दशकाकडे मागणी करतो. दशक आधी कुरकुरतो, मग गठ्ठ्याचा दोरा सोडतो आणि १२ सुट्या काड्या मोजताना हातच्याचा अर्थ मुलांना स्वतःच उमगतो. कुरकुर मात्र वगळू नका. हशा तिथेच पिकतो.

उत्तर २ : लाजऱ्या मुलांना काठीची बाहुली द्यावी, कारण बाहुलीच्या आडून मूल मोकळेपणाने बोलते. संवाद पाठ करून घेऊ नयेत, अन्यथा ती स्नेहसंमेलनाची तालीम होते.

उत्तर ३ : सहमत, परंतु त्याच दिवशी तशीच उदाहरणे वहीत सोडवून घ्यावीत. वेळेबद्दल हरकत आल्यास, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गोष्टींवर आधारित अध्यापनाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे दाखवावे.