विश्वासपत्राखालची सही : धर्मविद्यालयाने विद्यार्थ्याकडून किती मागावे?

धागा सुरू करणारे : एका मंडळीचे (स्थानिक चर्चचे) वडील, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, निवृत्त शिक्षक, सोलापूर

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीतील एका तरुणाने पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होण्याच्या शिक्षणासाठी महाराष्ट्राबाहेरच्या एका इव्हँजेलिकल (बायबल हेच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहाच्या) धर्मविद्यालयात अर्ज करायचे ठरवले आहे. त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर काम करतात आणि घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. अर्जासोबत संस्थेचे बारा कलमांचे विश्वासपत्र, म्हणजे संस्थेच्या श्रद्धा कलमवार सांगणारा कागद, आले असून, 'वरील प्रत्येक कलम मी मनःपूर्वक आणि काहीही न वगळता मानतो' या वाक्याखाली विद्यार्थ्याची सही मागितली आहे. त्याच पानावर मंडळीच्या वतीने शिफारस करणाऱ्याचीही सही हवी आहे, आणि ती मला करायची असल्यामुळे गेले दोन आठवडे मी हा कागद पुन्हापुन्हा वाचतो आहे.

पहिली आठ कलमे वाचताना मला परके काहीच वाटले नाही. त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव), ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व व पूर्ण मनुष्यत्व, कुमारीपासून जन्म, वधस्तंभावर आपल्या जागी झालेले प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान, विश्वासाच्या द्वारे केवळ कृपेने होणारे तारण : यांतील काही निकिया (३२५) आणि खाल्केदोन (४५१) या परिषदांपासून चालत आलेले आहे आणि काही सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने पुन्हा उजेडात आणलेले आहे. यावर मी डोळे मिटून सही करीन.

अडचण नवव्या कलमापासून सुरू होते. पवित्र शास्त्र मूळ लेखांत इतिहास व विज्ञान यांसह सर्व बाबतींत निर्दोष आहे, असे नववे कलम सांगते. दहावे म्हणते की ख्रिस्ताचे पुनरागमन प्रकटीकरणात सांगितलेल्या त्याच्या सहस्र वर्षांच्या राज्याआधी होईल आणि ते राज्य अक्षरशः सहस्र वर्षांचे असेल. अकराव्या कलमानुसार समजत्या वयात, पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्माच खरा. आणि बाराव्यानुसार पाळकपद पुरुषांसाठीच आहे.

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य करण्यात आले, कारण त्या सहांमध्ये फक्त प्रौढांना बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते आणि बालकांना देणारे अँग्लिकनही. या तरुणाचा बाप्तिस्मा तो चार महिन्यांचा असताना आईच्या मांडीवर झाला. त्या दिवशी मी तिथे उभा होतो. अकराव्या कलमाखाली सही करणे म्हणजे त्या दिवशी काही घडलेच नाही असे त्याने लिहून देणे होय.

सहस्र वर्षांच्या राज्याबद्दलही हेच म्हणता येईल. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत जस्टिन मार्टर ते राज्य अक्षरशः येणार असे मानत असे, परंतु पुष्कळ शुद्ध मनाच्या ख्रिस्ती लोकांचे मत वेगळे आहे हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे ऑगस्टिनने प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील सहस्र वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावला. दोघांनाही चर्चने आपले मानले. धर्मविद्यालयाला ठाम श्रद्धा असाव्यात, त्या उघड सांगाव्यात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र पुनरुत्थान आणि सहस्र वर्षांचा हिशेब एकाच सहीत, एकाच वजनाने मागितल्यास त्यात पुनरुत्थानाचाच मान कमी होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. आपण काय म्हणता?

प्रतिसाद : एक पाळक, होटगी रोड

सर, सलाम. मी स्वतः अशाच एका संस्थेत शिकलो आणि अशाच कागदावर सही केली. तिचा मला आजही पश्चात्ताप नाही, म्हणून दुसरी बाजू सविस्तर मांडतो.

ज्या मंडळ्यांच्या अर्पणांवर धर्मविद्यालय चालते, त्यांना तिथे काय शिकवले जाते हे कळण्याचा हक्क आहे. कलमे मोघम ठेवली की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ त्यात भरतो आणि दोन पिढ्यांत शब्द तेवढे शिल्लक राहतात. हे आपल्याच घराण्याच्या इतिहासात घडले आहे. हार्वर्डमध्ये १८०५ साली धर्मशास्त्राच्या मुख्य अध्यासनावर हेन्री वेअर या एकेश्वरवादी, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या, विद्वानाची नेमणूक झाली, तेव्हा त्रैक्यावर ठाम असलेल्या मंडळ्यांनी वेगळे होऊन १८०८ मध्ये अँडोव्हर येथे धर्मविद्यालय सुरू केले. तेथील प्राध्यापकांना विश्वासपत्रावर सही करावी लागे आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा करावी लागे. त्याच अँडोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या आग्रहातून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, १८१३ मध्ये त्याचे मिशनरी मुंबईत उतरले, आणि पुढे त्याच अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरहून सोलापुरापर्यंत आले. सर, आपल्या मंडळीच्या पायाखालचा दगड शोधत गेलात, तर तो एका सही केलेल्या विश्वासपत्रापाशीच सापडेल.

नवव्या कलमाबद्दल आपल्या मनात जी भीती दिसते, ती बरीचशी गैरसमजातून आलेली आहे. १९७८ मध्ये शिकागो येथे सुमारे तीनशे इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्राच्या निर्दोषतेविषयी एक जाहीरनामा तयार केला. त्यात एकोणीस अनुच्छेद आहेत. ढोबळ आकडे, बोलीतले व्याकरण, एकच प्रसंग वेगळ्या क्रमाने सांगणे यांना चूक म्हणता येणार नाही, हे त्यांनीच तेराव्या अनुच्छेदात स्पष्ट केले आहे. निर्दोषता मान्य करणे तारणासाठी आवश्यक नाही, पण ती नाकारल्यास व्यक्तीवर व मंडळीवर गंभीर परिणाम होतात, असे एकोणिसावा अनुच्छेद म्हणतो. यात मला कठोरपणा दिसत नाही. ज्याला उद्या व्यासपीठावरून 'प्रभू असे म्हणतो' असे बोलायचे आहे, त्याने प्रभू जे म्हणतो ते खरे आहे असे आधी लिहून द्यावे, एवढेच ते मागणे आहे.

दहाव्या आणि अकराव्या कलमांचा प्रश्न विवेकाचा असेल तर त्या तरुणाने दुसरी संस्था निवडावी. सही टाळून प्रवेश मागणे मात्र योग्य नव्हे.

प्रतिसाद : इतिहासाचे निवृत्त अध्यापक, सात रस्ता

पाळकसाहेबांनी अँडोव्हरचा दाखला दिला हे फार चांगले झाले, कारण ती गोष्ट त्यांनी जिथे थांबवली तिथून पुढे नेली पाहिजे.

एक तर, ती सही प्राध्यापकांकडून घेतली जात असे. विद्यार्थ्यांसाठी ते विद्यालय सर्व प्रोटेस्टंट पंथांना सारखेच खुले होते. शिकवणाऱ्याने आपले मत पक्के झाल्याचे लिहून देणे आणि शिकायला आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने शिकण्याआधीच ते लिहून देणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. धागाकर्त्यांच्या हातातला कागद अँडोव्हरपेक्षा जास्त मागतो आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, अँडोव्हरमध्ये शिकले आणि अहमदनगरला येऊन त्यांनी मराठी पाळक तयार करणारे धर्मविद्यालय चालवले. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी ते बोलले. ज्यांच्या कानी शुभवर्तमान कधी पडलेच नाही, अशांना मरणानंतर ख्रिस्त भेटण्याची संधी मिळू शकेल, या विचाराला त्यांनी त्या भाषणात जागा ठेवली. त्याच विचारावरून अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर तेव्हा विश्वासपत्राचा भंग केल्याचा खटला चालू होता. बोर्डाने ह्यूम यांना भारतात परत पाठवणे रोखून धरले, आणि बऱ्याच वादानंतर १८८७ मध्ये ते परतू शकले. पुढे दुष्काळात त्यांनी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले, पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांच्या हाताखाली मराठी पाळक घडत राहिले. त्या काळी बोर्डाने सहीचा आग्रह शेवटपर्यंत धरला असता, तर हे सर्व झाले नसते.

हा प्रश्न ह्यूम यांना अमेरिकेत बसून सुचण्यासारखा नव्हता. आमच्या घरात सांगतात की माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी मिशनरी साहेबांना एकच गोष्ट विचारली : 'माझा बाप पटकीने मेला, त्याला हे नाव कुणी सांगितलेच नव्हते, त्याचे काय?' पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न पडतोच, आणि विश्वासपत्र लिहिणाऱ्यांच्या घराण्यात दहा पिढ्या ख्रिस्ती असल्यामुळे त्यांना तो पडत नाही. मी ह्यूम यांच्याशी सहमत आहे असे नाही. मरणानंतर न्याय आहे, असे इब्रीकरांस पत्रात वाचतो आणि थांबतो. पण ज्या विद्यालयात हा प्रश्न विचारताच विद्यार्थी सहीचा भंग करणारा ठरतो, ते आमच्या गावांसाठी पाळक कसे घडवणार?

आणि अँडोव्हरचा शेवट? हार्वर्डच्या निषेधार्थ उभे राहिलेले ते विद्यालय शंभर वर्षांनी, १९०८ मध्ये, हार्वर्डच्याच शेजारी केंब्रिजला राहायला गेले. दर पाच वर्षांची सही त्याला आडवी आली नाही.

प्रतिसाद : एक शिक्षिका, रेल्वे लाईन्स

बाराव्या कलमावर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते.

स्त्रीने शिकवू नये असे सांगणारे, पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायातील पौलाचे बारावे वचन मला पाठ आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. पण त्याच पौलाने रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस केली आहे, आणि अपुल्लोसासारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्या दोघांत प्रिस्किल्ला होती. मिशनच्या काळात ज्यांना 'बायबल वूमन' म्हणत, अशा बायका वाड्यावस्त्यांतून दारोदारी वचन सांगत फिरल्या. माझी आजी त्यांपैकी एक होती. तिने उघडलेल्या घरांतून पुढे मंडळ्या झाल्या आणि त्या मंडळ्यांना पाळक मिळाले. शास्त्र प्रमाण मानणारी माणसे या प्रश्नावर दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा एक बाजू घेतलीच पाहिजे असे प्रवेशाच्या दारात सांगणे मला अन्याय्य वाटते.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढायलाच हवी. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही अथानेशियसच्या मतांगीकारावर, म्हणजे त्रैक्याची श्रद्धा मांडणाऱ्या जुन्या विधानावर, त्यांनी मान डोलावली नाही. जे मला शास्त्रात स्वतः दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मी कबूल करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि तिच्यापायी त्यांना शिकवणाऱ्या धर्मभगिनींचा रोष त्यांनी पत्करला. तीच बाई पुढे केडगावला बसून इब्री आणि ग्रीक शिकली आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. तिच्या उतारवयातील श्रद्धा आजच्या कोणत्याही इव्हँजेलिकल संस्थेच्या पहिल्या आठ कलमांत सहज बसेल. त्या श्रद्धेपर्यंत ती सहीच्या धाकाने पोचली नव्हती.

प्रतिसाद : तेलुगू मंडळीचा सभासद, पूर्व भाग

मी पाळकसाहेबांच्या बाजूचा आहे. मागील काही वर्षांत आमच्याकडे एक पाहुणे उपदेशक आले, जे आजारपण म्हणजे विश्वासाची उणीव असे शिकवत होते, आणि त्यांच्या बोलण्यावरून आमच्या एका बहिणीने साखरेच्या गोळ्या बंद केल्या. तिला रुग्णालयात न्यावे लागले. त्यांनी कुठे शिक्षण घेतले, कोणत्या विश्वासपत्राला ते बांधील आहेत, हे विचारायला आमच्या हातात काहीच कागद नव्हता. विद्वानांना कलमे जाचक वाटत असतील, पण आम्हा सामान्य सभासदांना तेवढाच आधार असतो.

प्रतिसाद : एक पाळक, होटगी रोड

पूर्व भागातील बंधूंनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले.

अध्यापकांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. अँडोव्हर हार्वर्डच्या शेजारी गेले ते सही होती म्हणून नव्हे; सही करणारे मनात वेगळा अर्थ ठेवून ती करू लागले म्हणून गेले. म्हणूनच मी 'काहीही न वगळता' हे शब्द सोडायला तयार नाही. ह्यूमसाहेबांच्या सेवेबद्दल मला आदर आहे, पण माणूस मोठा होता म्हणून त्याचे मत बरोबर ठरत नाही. पणजोबांचा प्रश्न मात्र मनाला लागला. माझ्या घरातही तो विचारला गेला आहे आणि त्याला माझ्याजवळ, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, या अब्राहामाच्या शब्दांखेरीज उत्तर नाही. विद्यालयात असा प्रश्न विचारण्यास बंदी नसते. मी विचारला होता, आणि मला कोणी बाहेर काढले नाही.

विद्यार्थी आणि प्राध्यापक यांतला फरक मी मान्य करतो. पण प्राध्यापक कालच्या विद्यार्थ्यांतूनच होतात. शिक्षिकाताईंशी माझा मतभेद कायम आहे. त्यांच्या आजीच्या सेवेला पाळकपदाची गरज होती असे मला वाटत नाही, आणि हे मी त्या सेवेचा मान राखूनच म्हणतो.

धागाकर्ते

पूर्व भागातील बंधूंच्या अनुभवाने मी हललो. त्यांच्या मंडळीत जे घडले ते थांबवायला पहिली आठ कलमे पुरेशी झाली असती, कारण त्या उपदेशकाची चूक कृपेविषयी होती. सहस्र वर्षांविषयी नव्हती. माझे मत त्यामुळे बदललेले नाही. 'मनात वेगळा अर्थ ठेवून सही' या पाळकसाहेबांच्या शब्दांनी मात्र माझा एक मार्ग बंद केला. थोडी पळवाट काढून सही करून टाकावी, असे घरचे मला सुचवत होते. ते आता होणार नाही.

काल संध्याकाळी तो तरुण आणि मी उपासनेनंतर मागच्या बाकावर बसून कागद पुन्हा वाचला. पहिल्या आठ कलमांखाली त्याने स्वतंत्र सही केली आहे. नवव्याबद्दल त्याने लिहिले आहे की १९७४ च्या लोझान कराराप्रमाणे (जगभरच्या इव्हँजेलिकल लोकांच्या परिषदेतील जाहीरनाम्याप्रमाणे) शास्त्र ज्या ज्या गोष्टीचे प्रतिपादन करते तीत ते निर्दोष आहे असे तो मानतो, आणि त्यापुढचे शिकायची त्याची तयारी आहे. दहावे आणि बारावे कलम संस्था शिकवील तसे तो आदराने ऐकेल, परंतु आज त्याची तशी खात्री नाही. माझे शिफारसपत्र याच मजकुराला जोडलेले आहे. पाळकसाहेब म्हणतात तसा अर्ज परत येऊ शकतो. त्याच्या वडिलांना मी तसे सांगितले आहे, आणि पुण्याच्या एका संस्थेचा अर्जही आणून ठेवला आहे.

अकराव्या कलमासमोर त्याने एकच वाक्य लिहिले : 'माझा बाप्तिस्मा झालेला आहे.'